इंगोले टायपिंग, संध्याकाळी सहानंतर

अठरा मशिनी होत्या. सतरा भंगारात गेल्या, किलोच्या भावानं.
एक खिडकीत ठेवली, मोगऱ्याच्या कुंडीशेजारी.
आता तिच्या पाठीला युकुलेलेचं खोकं टेकलंय.
परभणीत हे नाव कुणाला धड म्हणता येत नाही.
कुरिअरवाला म्हणाला, 'सर, तुमचं ते युकेलिप्टस आलंय.'

समरीनचं आहे. घरी नको म्हणून इथल्या पत्त्यावर.
तिशीची परीक्षा दोनदा हुकलेली पोरगी,
सेमिकोलनवर करंगळी अडखळते तिची.
पण तारांवर तीच बोटं अशी पडतात
की मीच म्हणालो एक दिवस, मला शिकव.
'फी लागंल सर,' ती म्हणाली. 'चाळीसची बॅच माफ करा.'

पहिला कॉर्ड सी.
तिसऱ्या घरात, जमिनीकडच्या तारेवर, फक्त अनामिका.
एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो, हे बोट आळशी,
एस आणि एल याच्याकडं दिले की घोटाळा ठरलेला.
जिला धड नावसुद्धा मिळालं नाही
तिलाच इथं सगळ्यात आधी बोलावलं.
दाबलं, तर ठप्प.
'सर, पत्र्यावर खडा पडल्यागत वाजतंय.
दांडीच्या जवळ दाबा, दांडीवर नको.'

आणि तारा उंचीनं लावलेल्या नाहीत.
छताकडची जाड असेल असं धरून चाललो होतो,
तर ती बारीक, वरच्या आवाजाची,
प्रार्थनेच्या रांगेत बुटक्यांच्या पुढं घुसलेल्या पोरीसारखी.
मी शिस्तीचा माणूस. दोन दिवस राग होता त्या तारेवर.

सा ग प म्हणजे सी, एवढं भजनी पेटीमुळं कळलं.
प सोडून ध धरला की ए मायनर.
सा जागेवर, ग जागेवर,
एकाच स्वरानं घर बदललं
आणि अख्ख्या खोलीचा चेहरा उतरला.
मला सतराव्या मशिनीचा टेम्पो आठवला.
काहून, ते सांगता येत नाही.

मग जी सेवन. तीन बोटांचा त्रिकोण, प रे म नी.
नी सा-च्या उंबऱ्याशी, म ग-च्या,
दोघंही चपला काढून उभे,
आणि समरीन म्हणते, थांबा, लगेच आत नाही जायचं.
तेवढ्यात नळ आला. बाराव्या दिवशी.
गल्ली हंडे घेऊन धावली, मी पण, ती पण,
मोटारींच्या घरघरीत तो कॉर्ड तसाच राहिला,
रात्रीच्या जेवणापर्यंत, दातात काही अडकावं तसा.

खरी खोट उजव्या हातात निघाली.
खाली, खाली-वर, वर, खाली-वर.
मी मोजून सहा फटके मारतो, हिशोब चोख,
आणि ती कपाळाला हात लावते:
'सर, तुम्ही टाइप करून राहिले.'
मिनिटाला साठ शब्द, चुका शून्य,
जिल्ह्यात माझ्यापुढं कोण होतं?
ती वाद घालत नाही. हवेत नुसतं मनगट हलवते.
'तिसऱ्या मात्रेला पण हात खाली येतो, सर.
फक्त तारेला लागत नाही.
तुम्ही तिथं हातच थांबवता.'

न वाजणारा फटका.
मी खिडकीकडं बघितलं.
'म्हणजे स्पेसबार,' म्हणालो.
ती हसली नाही, तिला वाटलं विषय बदलला.
उठलो. मशिनीत कागद नव्हता, तरी अंगठा मारला:
उमटलं काहीच नाही,
गाडी एक घर सरकली.

जूनमध्ये समरीन पास झाली. तेहेतीस शब्द, चार चुका.
पेढे ठेवले, खोकं उचललं,
'सर, हात चालू ठेवा,' म्हणाली जिन्यावरून.

तारा नाहीत आता. सहानंतर हात चालूच असतो.
अनामिकेच्या टोकाला बारीक चर पडलीय.
बँकेतल्या अंगठ्याच्या मशिनीनं परवा अंगठा घेतला नाही,
म्हणून ते बोट दिलं, तर तेही ओळखलं नाही.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'काका, दुसरं द्या.'
मी पुसून तेच पुन्हा ठेवलं.